तिळगुळाच्या पाकिटावरचं तिरकं अक्षर

त्या अक्षरावर माझा आजही राग आहे. ठसठशीत, तिरकं, जाड रेघेला चिकटून केसाएवढी बारीक रेघ, टोकांना थेंब, आणि इंग्रजी कॅपिटल टीची शेपटी पुढच्या अक्षरांवरून गिरकी घेणारी. केकच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेवर नाव लिहायला ते शोभतं. नाव लिहून झालं की त्याचं काम संपलं. पाकिटांची डिझाइनं करण्यातच माझं आयुष्य चाललंय, एवढं मला नक्की कळतं.

इथे सिंगापुरातच, यिशुनला राहणारी माझी मोठी जाऊ घरून फराळ विकते. संक्रांतीला तिच्या तिळगुळाच्या पाकिटांसाठी लेबल मी करून दिलं. पुढे नाव त्या नखरेल अक्षरात, मागे आत काय काय आहे ते साध्या, सरळ अक्षरात. तिला ते साधं अक्षर औषधाच्या बाटलीवरचं वाटलं. सगळं एकसारखं हवं, म्हणाली. मी एकदा नको म्हटलं आणि मग, मोठ्या जावेशी कुठे वाद घाला, म्हणून बदलून टाकलं. तिच्या प्रिंटरवर ते बारीक छापताना जाड रेघा फुगल्या, बारीक तुटल्या. चार शब्दांची मिळून वेलबुट्टी झाली.

संक्रांतीला एक पाकीट मी समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आँटींना दिलं. आम्ही हौगांगला राहायला आलो तेव्हापासूनचा शेजार. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, डोळ्यांजवळ धरलं, आणि आत काय आहे ते मलाच विचारलं. तीळ आणि गूळ, मी सांगितलं. दाण्याचा कूट आमच्या घरात कुणी मोजतच नाही. कोशिंबिरीत असतो, उसळीत असतो, मिठासारखा. तो जिभेवर आलाच नाही.

त्याच संध्याकाळी त्यांच्या पाच वर्षांच्या नातीचे ओठ सुजले, श्वास लागला, खाली अँब्युलन्स आली. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. मुलगी वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरीही आली.

मी जावेला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, पण लेबलवर लिहिलं होतं ना?" माझं डोकंच फिरलं. आजवर गिळलेलं सगळं मी तिला ऐकवलं. तिची हौस काढली, प्रिंटर काढला, तिचा मोठेपणाही काढला.

मग समोरचं दार वाजवलं. आँटी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आतून रिकामं पाकीट घेऊन आल्या, चष्मा लावला आणि लेबलवर बोट ठेवलं.

"विच वर्ड?"

मी पाकीट हातात घेतलं. लेबल मीच केलेलं. तरी उजेडाकडे वळून, तिरकं धरून शोधावं लागलं. तो शब्द सापडला नाही.

तेव्हा मी तोंडाने सांगितलं, "पीनट." एक दिवस उशिरा.