कार्डावरची रिकामी जागा

"कुणालाही आधी नाव विचारू नकोस. लोक त्यांना काय म्हणून हाक मारतात, ते ऐक."

वीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी, विद्यापीठाच्या बसमध्ये सुमतीताई मला असे म्हणाल्या. मी नागपूरहून नुकतीच आले होते आणि त्या माझ्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. मी 'मॅडम' म्हटले, तर म्हणाल्या, "पुन्हा मॅडम म्हणालीस तर पुढच्या स्टॉपला उतरवीन. ताई म्हण."

कँटोनीज बोलणारी जुनी चिनी माणसे गुरूंना, विद्वानांना ज्या आदराच्या शब्दांनी हाक मारतात, ते टिपणे हे ताईंचे आयुष्यभराचे काम. त्या माणसांच्या नातवंडांना हे शब्द आता ठाऊक नाहीत. ताईंनी प्रत्येक शब्दाचे कार्ड केले: शब्द, कोणी म्हटला, कोणाला म्हटला.

त्या मला पहिल्यांदा घेऊन गेल्या गावातल्या एका चिनी रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात. तिथल्या म्हाताऱ्या आचाऱ्यांना मी 'मिस्टर चान' म्हटले. ताई कुजबुजल्या, "अगं, चाळीस वर्षं त्या कढईपाशी हात मुरलाय त्यांचा. सीफू म्हण. हातात कसब असलेल्या गुरूला तसं म्हणतात." मी म्हटले. चान सीफू खळखळून हसले. "तुमच्या विद्यार्थिनीचा उच्चार भयंकर आहे," ते ताईंना म्हणाले, "पण तिला सूप देतो."

निघताना त्यांनी दोन्ही हातांनी ताईंपुढे कप धरला. "सिन्‌सांग, चहा घ्या." विद्वान शिक्षकाला द्यायचा हा मान, बाईच्या वाट्याला क्वचितच येणारा. ताईंनी मान खाली घालून चहा घेतला.

पुढे माझे वडील आजारी पडले आणि मी काम अर्धवट टाकून भारतात गेले. माझी राहिलेली ध्वनिमुद्रणे ताईंनी रात्रंदिवस ऐकून उतरवली. कार्डांवर नाव मात्र माझेच घातले. "ऐकायला तू गेली होतीस," एवढेच म्हणाल्या.

गेल्या वर्षी ताईंनी कार्डांचे खोके माझ्याकडे, मी आता राहते त्या क्युपर्टिनोला, पाठवले. त्या कार्डांचे पुस्तक होते आहे. भांडी घासणाऱ्यांचीही पूर्ण नावे कार्डांवर आहेत. 'सिन्‌सांग'च्या कार्डावर मात्र 'कोणी म्हटला: चान सीफू' आणि 'कोणाला'पुढे कोरी जागा. मी फोन केला.

"राहू दे गं. होती कुणीतरी बाई."

चान सीफू आता नाहीत. तो शब्द कोणाला दिला गेला, हे सांगायला आम्ही दोघीच उरलो आहोत.

ताई, पंचाहत्तरीनंतरही तुमचे कान असेच तल्लख राहोत, आणि बसमध्ये नवख्या मुलींना दटावायला तुम्हाला पुष्कळ वर्षे मिळोत. पुस्तक पुढच्या महिन्यात छापायला जाईल. तुमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघालेल्या या गौरवग्रंथासोबत ते कार्ड पाठवते आहे. तुम्ही ते कोरेच परत कराल, हे मला माहीत आहे. तरी विचारते: तिथे तुमचे नाव लिहाल?