कोमट पाणी आणि मऊ फडकं

वहिनींना गाडी चालवता येत नव्हती, तरी काष्टी गावात आमची गाडी ओळखली जायची ती वहिनींची गाडी म्हणूनच. दादाने ती नगरहून आणली. जुनीच, पण मलईच्या रंगाच्या लेदर सीटची. हौस त्याची. पण नवरदेव असो, दवाखान्यात न्यायचं माणूस असो की शिर्डीला निघालेली मंडळी, कुणी दारात आलं की वहिनी खुंटीवरची किल्ली काढून द्यायच्या. दादाचा जीव खालीवर व्हायचा.

गाडी परत आली की सीटवर काहीतरी चिकटलेलं असायचंच. पेढे, उसाचा रस, हळद, पोरांचं बबलगम. वहिनी पदर खोचून मागच्या दाराशी बसायच्या. खरवडायचं नाही, हा त्यांचा नियम. बबलगमवर पिशवीत घालून बर्फ ठेवायचा, कडक झालं की चमच्याच्या दांड्याने अलगद उचलायचं. बाकी सगळ्याला कोमट पाणी, साबणाचा जरासा फेस आणि पिळलेलं मऊ फडकं. मी एकदा म्हणालो, कशाला एवढा उपद्व्याप, सरळ नाही म्हणावं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, ह्ये पुसून निघतं. न्हाई म्हनलेलं निघत न्हाई."

त्या माहेरी गेल्या असताना दादाने स्वतः बबलगम काढायला घेतलं. दाराला रंग देऊन उरलेलं थिनर त्याने सीटवर चोळलं. बबलगमसोबत रंगही निघाला आणि तळहाताएवढा पांढरा डाग पडला. वहिनींनी आल्यावर तो बघितला. त्यानंतर गाडीत बसल्या की त्या नेमक्या त्या डागावरच बसायच्या, म्हणजे तो कुणाला दिसायचा नाही.

शेजारच्या तात्यांचं आणि आमचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलेलं, बोलणं बंद. त्यांच्या सुनेला, सुनंदाला, कळा सुरू झाल्या तेव्हा तात्या आमच्या दारात येऊन नुसते उभे राहिले. दादाने मान फिरवली. वहिनींनी किल्ली आणून त्याच्याच हातात ठेवली आणि स्वतः सुनंदाला धरून मागे बसल्या. वाटेत तिला उलट्या झाल्या, पाजलेलं गूळपाणी सीटभर सांडलं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली, पण तात्यांकडून पेढा काही आला नाही. दादा कितीतरी दिवस धुसफुसत होता. वहिनींनी सीट पुसली आणि विषय संपवला.

गेल्या उन्हाळ्यात वहिनींचं दुखणं बळावलं. नगरच्या दवाखान्यात नेताना मी त्यांना शहाळ्याचं पाणी पाजत होतो, ते सांडलं, वर औषधही सांडलं. तेवढ्यातही त्या पदराने सीट टिपायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. "वाळायच्या आत पुसा हां," एवढंच म्हणाल्या. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

गाडी दारात उभी राहिली ती तशीच. दादा दार उघडेना आणि कुणाला उघडूही देईना. सीटला मुंग्या लागल्या. दोघं-तिघं गाडी मागायला येऊन हात हलवत गेले. आमच्या दारातून कुणी असं जातंय, हे मला बघवत नव्हतं.

दशक्रिया झाल्यावर सुनंदा आली, हातात पाण्याचं भांडं आणि फडकं. दादा-वहिनींना ती मामा-आत्याबाई म्हणायची. तिने किल्ली मागितली.

"राहू दे," दादा म्हणाला. "तिचं शेवटचं हाय त्ये."

सुनंदा जागची हलली नाही. "मामा, माझं आत्याबाईंनी पुसलं हुतं. मला न्हाई म्हनू नका."

दादाने खुंटीवरची किल्ली काढून तिला दिली. सुनंदाने कुठेही खरवडलं नाही. मला तिथे उभं राहवेना, मी आत जाऊन रडून घेतलं.

परवा एका लग्नाहून गाडी हळदीने माखून आली. दादा पाणी घेऊन आला, बोट बुडवून ते कोमट आहे ना हे बघितलं आणि मागच्या दाराशी बसला. थिनरच्या डागावर हळद लागलेली नव्हती. तरी त्याने पुसायला सुरुवात केली ती तिथूनच.