विहिरीवरचा टॉवेल

सिद्रामप्पा सरांच्या बैठकीत एक नियम होता. डस्टर ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचे. नियम चांगला होता, फक्त डस्टर कायम सरांच्याच हातात असे. कधी कधी तो हातात धरूनच सर विचारत, "डस्टर कुणी नेलाय रे?"

बिदरच्या आमच्या कॉलेजात ते संगणक लॅबचे प्रमुख आणि मी नवा अध्यापक. मुले पदवी घेऊन पुण्या-हैदराबादला जात होती. सरांनी मात्र सीमाभागातल्या शाळांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम करायला घेतली होती. फुकट, आणि कुणालाही आतून उघडून दुरुस्त करता येईल अशी. तिच्यातल्या प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप कसे द्यायचे, या एका प्रश्नावर आम्ही अख्खे वर्ष घालवले.

सरांना प्रत्येक साधनात खोट दिसे. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात निरोप सोडणारा पाइप? "त्यो शेतातला पाट. पाणी एकाच अंगाला जातंय, माघारी येत न्हाई." संदेशांची रांग? "ती टपालपेटी. पोस्टमन जेवायला गेला की समदं गार." मी भीत भीत म्हणालो, सामायिक मेमरी सर्वांत वेगवान, दोन्ही प्रोग्रॅम एकाच जागी लिहितील, तिथूनच वाचतील. सरांनी डस्टर आपटला. "पंडित, ती भावकीची विहीर हाय. तुला भाऊ न्हाई म्हणून गोड वाटायलीय."

मग विहीर निघाली. ती दर बैठकीत निघायचीच. कमठाणा गावच्या शेतात सर आणि त्यांचा धाकटा भाऊ काशिनाथ यांची एक विहीर, एक मोटार. जो पाणी घेईल त्याने मोटारीच्या खांबाला आपला टॉवेल बांधायचा; तो सुटेपर्यंत दुसऱ्याने बटणाला हात लावायचा नाही, अशी वडिलांनी लावलेली रीत. एका उन्हाळ्यात काशिनाथ टॉवेल तसाच ठेवून पुण्याला कारखान्यात नोकरीला गेला. "माझा ऊस वाळला. पण दुसऱ्याचा टावेल मी सोडला न्हाई," सर अभिमानाने सांगत. तेव्हापासून भावाशी बोलणे बंद. "आधी त्यानं बोलावं. टावेल त्यानं बांधलाय."

शेवटी वेगापुढे सरांनी हात टेकले. सामायिक मेमरी ठरली, पण त्यांच्या अटीवर : जागा वापरणाऱ्याने कुलूप लावायचे आणि तीस सेकंदांत काढले नाही, तर सिस्टिमने काढून टाकायचे. "टावेलाला मुदत पाहिजे." मी सुचवले, कुलूप कुणी लावले याचाही नोंदीत एक रकाना ठेवू. सर हसले. "कामून? कुणी बांधलाय ते समद्यांना ठाऊक असतंय." तो रकाना गेला.

दोन वर्षांनी सरांच्या किडन्या गेल्या. पलंगावरून ते परदेशातल्या अनोळखी प्रोग्रॅमरांना कुलपांबद्दल लांबलचक उत्तरे लिहीत. भावाला एक ओळ नाही. काशिनाथकाकांचा नंबर सरांच्या बायकोने माझ्याकडे देऊन ठेवला होता. "काकांना कळवू का?" मी विचारले.

"न्हाई. पाळी त्याची हाय."

मी नियम पाळणारा माणूस. कळवले नाही.

सरांना त्यांच्याच शेतात, विहिरीजवळ माती दिली. सरांच्या बायकोचा फोन गेल्यावर निघालेले काशिनाथकाका पोचले तेव्हा लोक हातपाय धूत होते. ते मोटारीच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले. टॉवेल कधीच झिजून गेला होता. गाठ आणि काठाची एक निळी चिंधी उरली होती. मला राग आवरला नाही. "तुमचाच टॉवेल, काका."

"माझा?" त्यांनी चिंधी बोटांत धरली. "माझा तर खांद्यावर टाकून गेलतो मी. ह्यो निळ्या काठाचा, अण्णाचा, तुमच्या सरांचा. सासऱ्यानं दिलता त्याला." मग म्हणाले, "दरसाली म्हणायलो, फोन करावा. पण म्हटलं, पाणी त्यानं अडवलंय, आधी त्यानंच बोलावं. वैनीनं नंबर दिलता, तुम्ही तरी त्याचं दुखणं कामून कळवलं न्हाई?"



सोमवारी मी लॅब उघडली आणि कुलपाच्या नोंदीत तो गेलेला रकाना परत घातला : कुणी लावले. चाचणीसाठी एक नाव हवे होते. मी माझे घातले.