खडूच्या गोळ्या

ते प्रकरण आठवलं, की आजही मला आधी जेवणाच्या डब्याचं एक झाकण दिसतं आणि मग एका सिस्टरचा चेहरा. सत्तरच्या दशकात मी पिंपरीला फौजदार होतो.

खबर घेऊन आला तो जवळच्या कारखान्यातला मुकादम. खुर्ची दिली तरी उभाच राहिला. सभेत बोलायची सवय असलेली माणसं बसून तक्रार देत नाहीत.

"साहेब, आमच्या दवाखान्यातली सिस्टर कंबरदुखीच्या खऱ्या गोळ्या बाहेर इकती अन् आमाला खडूच्या देती."

"कशावरून?"

"माझ्या गोळीनं कंबर हलली न्हाई. शेजारच्याची घेतली अन् दोन दिसांत मोकळी! आता बोला."

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो. गुन्हा दाखल झाला असता, तर सिस्टरची नोकरी त्याच दिवशी गेली असती. खरं सांगायचं तर वाटेतच मी तिला मनातल्या मनात अटक केली होती.

दवाखान्याच्या कपाटात आकडे घातलेल्या बाटल्या होत्या. गोळ्या सगळ्या हुबेहूब.

"यात खडूच्या कुठल्या?" मी सिस्टरला विचारलं.

"काही बाटल्यांत आहेत खऱ्या, पण कुठल्या, ते मला माहीत नाही."

'मला माहीत नाही' हे वाक्य मी नोकरीत रोज ऐकत होतो. त्यावर आवाज चढवायचा, एवढंच शिकलो होतो. तो चढवला.

"मग कुणाला माहीत आहे?"

"इथं कुणालाच नाही. कुठल्या आकड्यात काय, ती यादी त्या पाकिटात आहे." तिने वरच्या खणातलं लाखेनं बंद केलेलं पाकीट दाखवलं. "ते फोडू नका."

पोलिसाला असं सांगू नये. माझा हात पुढे गेला. सिस्टर कपाटाला पाठ लावून उभी राहिली. "चार महिन्यांचं काम वाया जाईल, साहेब. मला चौकीवर न्या, पण पाकीट राहू द्या."

चोरीचा आळ आलेलं माणूस कागदासाठी तुरुंगात जायला तयार होतं, हे माझ्या अनुभवात बसेना. मी बसलो. ही नव्या औषधाची चाचणी आहे, हे तिने समजावलं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना साध्या गोळ्या. देणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही, नाहीतर आपल्याला हवा तोच गुण दिसायला लागतो.

"आधी धरून चालायचं, की औषधात काही दम नाही. दोन गटांत एवढा फरक दिसला, की तो निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही, तरच ते म्हणणं सोडायचं. किती फरक हवा, तेही आधीच लिहून ठेवलंय."

"म्हणजे आरोपी निर्दोष धरायचा, तसं."

"हो. तुम्ही मघाशी मला धरलंत, तसं नाही."

हवालदाराला अचानक खोकला आला.

तिने संमतीचे कागद काढले. सगळं मराठीत छापलेलं, प्रत्येकाला वाचून दाखवलेलं. मुकादमाची सही इंग्रजीत होती, खाली दोन रेघा मारलेली. मी त्याला बोलावून घेतलं.

"हे वाचून दाखवलं तेव्हा कुठं होतास?"

"हितंच. पण फुकट गोळ्या म्हनल्यावर फुडचं कोन ऐकतंय, साहेब?"

"बरं. शेजाऱ्याची गोळी तुझ्याकडं कशी आली?"

"त्यात काय! मागून घेतली. तवापासनं आमी समद्यांच्या गोळ्या डब्याच्या झाकणात वततो, अन् सारख्या वाटून घेतो. एकाला गुण अन् दुसऱ्याला न्हाई, ह्ये बरं दिसतं का? आमच्या खात्यात असला भेदभाव चालत न्हाई."

सिस्टर मटकन स्टुलावर बसली. चोरीच्या आरोपाने तिचा चेहरा इतका उतरला नव्हता.

"साहेब," ती म्हणाली, "ह्यांना अटक करा."

"कुठल्या कलमाखाली?"

तिने खरंच विचार केला. कलम सापडलं नाही. तक्रार निकाली काढली. डायरीत कारण लिहिताना मात्र मला घाम फुटला.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी गोळी तिच्यासमोर गिळायची आणि 'आ' करून दाखवायचं. रांगेत मुकादम पहिला.

काही महिन्यांनी तो चौकीवर आला. ताठ, झोकात चालत.

"साहेब, या खेपेच्या गोळ्या अस्सल होत्या. आता बंद केल्यात. पुन्यांदा चालू करायला तेवढा शब्द टाका."

मी दवाखान्यात गेलो. पाकीट फुटलं होतं. फरक आधी लिहिलेल्या आकड्यापर्यंत पोचला नव्हता. चाचणी चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना तो थोडा ताणून पोचवायचा होता आणि सिस्टर 'नाही' म्हणून बसली होती. मी मुकादमाच्या बाटलीचा आकडा विचारला. तिने यादीवर बोट ठेवलं.

साधी.

त्यानंतर मी कुणाच्याही दारात जाण्याआधी, किती पुरावा मिळाला तर मानायचं, हे वहीत लिहून जायला लागलो. आणि 'मला माहीत नाही' म्हणणाऱ्यावर लगेच आवाज चढवणं सोडलं. मुकादमाला मात्र मी यादीतलं सांगितलं नाही. त्याची कंबर बरी होती.