कोणी न पेरलेलं धान

तलावात गवत माजलंय, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. ते गवत नव्हतं, देवधान होतं. पाण्यात आपोआप उगवणारा रानभात. आम्ही तलावात मासे धरणारी माणसं. दाणे भरू लागले की माझी माय कंबरभर पाण्यात उतरून लोंब्यांच्या जुड्या बांधायची, म्हणजे पिकलेला दाणा गळून जात नाही. प्रत्येक घराची गाठ वेगळी. दुसऱ्याच्या गाठीला कोणी हात लावत नसे.

मी तुमसरला वाचनालयात काम करते. तिथे ओजिब्वे लोकांवरचं एक पुस्तक हाती आलं. उत्तर अमेरिकेतले आदिवासी. ते सांगतात, आम्ही मूळचे पूर्वेच्या समुद्राकाठचे. आमच्या वाडवडलांना सांगणं आलं, मावळतीकडे चालत राहा, पाण्यावर अन्न उगवेल तिथे थांबा. पिढ्यान्‌पिढ्या चालून ते मोठ्या सरोवरांपाशी पोचले, तिथे पाण्यात धान उभं होतं. त्यांच्या बायकाही जुड्या बांधत, गाठीवरून घर ओळखत. मायला वाचून दाखवलं.

"मंग आपले पावनेच झाले थे," ती म्हणाली. "मासोऱ्या खातेत का नाई?"

पुढे गोऱ्यांनी धरणं बांधली आणि त्यांचं कितीतरी धान पाण्याखाली गेलं, हेही त्यात होतं.

आमच्याकडे धरणाचीसुद्धा गरज पडली नाही. कार्तिकात, जुड्या बांधून झालेल्या असताना, गावच्या समितीने तलाव सुंदर करायला काढला. बोटी चालवायच्या होत्या म्हणे. जेसीबीने सगळा काठ ओरबाडून नेला. मी समितीच्या अध्यक्षाला गाठलं. गाठी दिसल्या नाहीत का, विचारलं.

"गवताले गाठी मारल्या म्हनून गवत तुमचं होते का?" तो हसला. "कोनं पेरलं होतं थे?"

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, त्याचाही मला राग येतो. अडाणी असता तर सोडून दिलं असतं. पण त्याच्या घरी दरवर्षी ऋषिपंचमीला हेच धान शिजायचं. त्या उपासाला नांगरटीचं धान्य चालत नाही, म्हणून शेतकऱ्यांच्या बायका आमच्या दारी येत.

पुढच्या भाद्रपदात त्याचीच बायको आली. मायकडे जेसीबी येण्याच्या आदल्या सालचं मूठ-दोन मूठ उरलं होतं. ओजिब्वे आता उजाड झालेल्या सरोवरांत हाताने बी टाकतात, हे मी मायला सांगितलं होतं.

"हे बियानं हाये, बाई," माय म्हणाली. "वरच्या बोडीतल्या पान्यात पेरनार हाओ."

"अवो, मानसानं पेरलं तं थे देवधान कसं राहीन?" बाई कळवळली. "मंग थे उपासाले नाई चालन!"

"तुमाले नाई चालन," माय म्हणाली. "आमाले जेवाले चालते."