वार्नार कोल्फची काच

हॉलंडमधल्या एंकहाउझेन बंदरात वार्नार कोल्फ एकतीस वर्षं बॅरोमीटर बनवत होता. गावाच्या तोंडी त्या यंत्राचं नाव साधं होतं, काच. लांब नळीत पारा भरायचा, निखाऱ्यांवर उकळून हवेचा शेवटचा बुडबुडा हाकलायचा, मग नळी हलकेच कलती करायची. पारा वरच्या बंद टोकाला आपटून ‘टक्’ वाजला की काच खरी. असा टक् ऐकल्याशिवाय त्याने एकाही पट्टीवर आपलं नाव कोरलं नव्हतं.

पण त्या पाऱ्याच्या वाफेने आता त्याची बोटं थरथरत आणि दात हलत. म्हणूनच बंदर-अधिकाऱ्याच्या घरातली काच खोटी निघाल्याचा बोभाटा झाला, तेव्हा पहिला संशय त्याला स्वतःचाच आला.

झालं होतं असं. काच तीन दिवस वादळ दाखवत होती. हेरिंग मासळीच्या होड्या किनाऱ्यालाच बांधून राहिल्या आणि आभाळ मात्र धुतल्यासारखं निरभ्र. तांडेल चिडले. पुढची काच आम्सटरडॅमहून मागवा, असं त्यांनी अधिकाऱ्याला सांगूनही टाकलं. ती आली असती, तर वार्नारकडे पुन्हा कोण फिरकणार होतं?

वार्नार अधिकाऱ्याच्या घरी गेला तेव्हा तेउनिस तांडेल दारातच उभा होता.

“या वार्नारबुवा! आज बाहेर पडताना छत्री घेतली का? तुमची काच म्हणते, बुडणार आहोत आपण.”

वार्नार थेट काचेकडे गेला. त्याने काच कलती केली. टक् वाजलाच नाही. मऊ, दबका आवाज आला. आत हवा शिरली होती; ती पारा खाली दाबून उगाच वादळ दाखवत होती.

“माझ्याकडून जाताना वाजली होती,” तो हळूच म्हणाला. आपण खरंच ऐकलं होतं ना, याची मनात उजळणी करत होता.

अधिकाऱ्याची बायको लाइसबेटबाई बादली घेऊन आत आल्या.

“तिच्यात काय खोट असणार? दर शनिवारी मी स्वतः उतरवते, टेबलावर आडवी घालते, उलटसुलट करून साबणाने घासते. तिच्यामागे धूळ राहू द्यायची की काय?”

तेउनिसने टोपी काढून डोकं खाजवलं. “आमच्याकडे तर शनिवारी कोंबड्यासुद्धा भिऊन असतात,” तो पुटपुटला. बाईंना दोष द्यायची मात्र कुणाची हिंमत नव्हती; प्रत्येकाच्या घरी अशीच एक बादली होती.

वार्नारने घसा साफ केला. “बाई, उलटी केली की हिच्यात हवा शिरते. ही काच भिंतीवरून उतरवायची नाही.”

“मग मागची भिंत?”

“मळू दे.”

त्या गावात हा शब्द कुठल्या घरधनिणीला आजवर कुणी ऐकवला नसेल. बाई लालबुंद झाल्या. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा त्याच्या थरथरत्या बोटांकडे.

“मळणार नाही,” त्या म्हणाल्या. “दर शनिवारी तुम्हीच या. तुम्ही उतरवून उभी धरा, मी भिंत पुसते, मग तुम्हीच लावा.”

“चालेल,” वार्नार म्हणाला.

त्याने नळी नेऊन पुन्हा उकळली. परत आणली तेव्हा तेउनिसला जवळ बोलावून टक् ऐकवला. आम्सटरडॅमला कुणी पत्र धाडलं नाही.

पुढे नऊ वर्षं, मरेपर्यंत, वार्नार दर शनिवारी तिथे जाई. तान्ह्या पोराला धरावं तशी काच छातीशी उभी धरून खोलीच्या मधोमध थांबे, आणि बाई भिंत घासत म्हणत, “हलू नका हो, अजून कोपरा राहिलाय.”