अंबुजाअक्काचे चिंचोके

अंबुजाअक्का सकाळी आठला पाळणाघरात यायची, संध्याकाळी साडेपाचला घरी जायची, आणि मधल्या वेळात पाण्याचा घोट घ्यायची नाही. उपास नाही, व्रत नाही. संडास परसाच्या टोकाला, विहिरीच्या पलीकडे. आपण तिकडे गेलो की एवढ्या पोरांपाशी एकच बाई उरते, हे तिला खपायचं नाही. "ओठ ओले कर गं, घसा नक्को," तिनं पहिल्याच दिवशी मला बजावलं. तंजावरच्या उन्हात पाणी पिऊ नको म्हणणारी बाई वेडीच असणार, असं वाटून मी हसले होते.

तेव्हा राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतल्या सुनासुद्धा नोकरीवर जाऊ लागल्या होत्या. बँका, कॉम्प्युटरचे क्लास, टीव्हीची दुकानं, दर महिन्याला काहीतरी नवं उघडायचं. मग एका निवृत्त गृहस्थांनी घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या, दारावर इंग्रजी पाटी लावली आणि पाळणाघर काढलं. चौतीस पोरं आणि आम्ही दोघी. मी बी.ए. होऊन घरी बसलेली, अक्का पन्नाशीची. त्याआधी वीस वर्षं तिनं कुठल्या कुठल्या बालवाड्यांत हंगामी म्हणून काढली होती. रजा मागितली की आमचे मालक म्हणायचे, "बाहेर चारजणी उभ्या आहेत." मी एकदा दार उघडून बघितलंसुद्धा. काळं कुत्रंही नव्हतं. पण भीती वाटायची ती वाटायचीच.

खरी भीती मात्र विहिरीची. कठडा माझ्या गुडघ्याएवढा, वर झाकण नाही. अक्कानं तीनदा झाकण मागितलं आणि तीनदा मालकांनी तेच उत्तर दिलं, "मागच्या दाराला कडी आहे ना?"

"कडी माणूस लावतं वो," अक्का म्हणाली. "माणूस विसरतं."

चौतीस हा आकडा मालकांच्या वहीतला. अक्का पोरांना मोजायची नाही. पोरं मोजली की दृष्ट लागते, हे आमच्याकडे घरोघरी मानतात, आणि अक्का तर दुसऱ्यांची पोरं सांभाळणारी, ती कशी मोजेल? कोनाड्यात तिचा एक पितळी तंबळर, म्हणजे उभा पेला, असायचा. सकाळी पोर आत आलं की त्यात एक चिंचोका टाकायचा, पोर घरी गेलं की एक काढायचा. संध्याकाळी तंबळर उपडा करून तो रिकामा झाल्याचं बघायची, विसळायची आणि त्यातूनच पाणी प्यायची. उभ्यानं, एका दमात, एकामागून एक तीन तंबळर. ते बघताना माझाच घसा कोरडा पडायचा.

रामनवमीचा उत्सव चालू होता. शेजारच्या घरातून पानकम् आलं, गूळ, सुंठ, वेलदोडा घातलेलं थंडगार. मी दोन भांडी रिचवली. अक्का म्हणाली, "पी, पी. मग नाच." तीन वाजता खरंच नाचायची वेळ आली. अक्का दोन पोरांना मांडीवर घेऊन पेज भरवत होती. मी परसात पळाले आणि आले. येताना मागच्या दाराची कडी लावली का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

साडेपाचला सगळी पोरं गेली. अक्कानं तंबळर उपडा केला आणि तळहातावर एक चिंचोका पडला.

अक्का एकेक नाव घेऊ लागली. ह्याला त्याची आई घेऊन गेली, हिला आत्या. नावं संपत आली आणि तिचा आवाज बारीक झाला. "मीनू? मीनूला कुणी नेलं गं?"

मला काही म्हणजे काही आठवेना. डोळ्यांपुढे फक्त ते मागचं दार. ते आत्ता सताड उघडं होतं.

अक्का धावली. मीनू अडीच वर्षांची, विहिरीत डोकावून "अय्यो" म्हणायची आणि विहीर परत "अय्यो" म्हणाली की टाळ्या पिटायची. अक्कानं तिच्या नावानं हंबरडा फोडला, पदर खोचला आणि भिंतीतून पुढे आलेल्या दगडांवर पाय देत ती विहिरीत उतरू लागली. तिला पोहता येत नव्हतं. वरून मला तिचा पांढरा अंबाडा तेवढा दिसत होता. पाणी छातीपर्यंत आलं तशी एका हातानं दोर धरून ती पायानं तळ चाचपू लागली. गल्ली गोळा झाली, मालक आले, कुणीतरी मीनूच्या घरी पळालं.

कंदील आणायला म्हणून मी आत गेले आणि खुंटीकडे नजर गेली. मीनूची पिशवी तिथं नव्हती.

तेव्हा लख्ख आठवलं. तीन वाजता, परसात पळायच्या आधी, मीनूचे आजोबा दारात आले होते. मीच मीनूला त्यांच्याकडे दिलं, पिशवी दिली, आणि चिंचोका न काढताच पळाले.

मी विहिरीपाशी आले. एवढंच ओरडायचं होतं, "अक्का, वर ये, मी विसरले!" समोर मालक उभे होते. "बाहेर चारजणी उभ्या आहेत" हे त्यांचं वाक्य आठवलं. खाली अक्का रडत रडत पाणी चाचपत होती आणि मी गप्प उभी होते. अशी किती वेळ, देव जाणे. लाज वाटते सांगायला.

शेवटी मीनूची आई मीनूला कडेवर घेऊन धावत आली. "मामंजींनी तीन वाजताच घरी आणलं की हो!" अक्काला वर काढलं. तिचे गुडघे फुटले होते. मालक गरजले, "पोर कुणी दिलं? चिंचोका काढायचं कोण विसरलं?"

"मी," अक्का म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. मग मालकांना हळूच म्हणाली, "उद्यापासून येत नाही मी. तीनदा झाकण मागितलं होतं, हे गल्लीत कुणाला बोलणारही नाही. पण विहिरीला झाकण घाला."

आठवड्यात लोखंडी जाळी बसली. अक्काच्या जागी दुसरी बाई आली आणि मी तिथं आणखी सहा वर्षं काढली. पाणी न पिता.

अक्काची गाठ पुन्हा पडली ती बऱ्याच वर्षांनी, तिरुवैयारूला, तिच्या लेकीच्या घरी. माझी तीन वर्षांची पोर बरोबर होती. अक्काचे पाय सुजलेले. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं होतं, दिवसाला चार तंबळर. "बघ गं थट्टा," ती म्हणाली, "आता वेळच वेळ आहे तर पाणी नाही."

मी तिचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे की," ती म्हणाली. "तीन वाजता माझ्या मांडीवर दोन पोरं. दारात मी कशी असेन?"

"मग कसाला गं खोटं बोललीस?"

"खरं बोलले असते तर तुला विसरलीस म्हणून आणि मला गल्ली गोळा केली म्हणून, दोघींना हाकललं असतं. सकाळी आठला पोरं कुणापाशी?" तिनं तोच पितळी तंबळर भरून माझ्या हातात दिला. "पी. पोटभर पी. मग परसात जाऊन ये सावकाश. तुझ्या पोरीला मी बघते."

त्या घराच्या मागे पन्नास पावलांवर कावेरी. मी पाणी प्यायले, गेले, आणि कितीही सावकाश म्हटलं तरी धावतच परत आले. अक्काला बसल्या बसल्या डोळा लागला होता. पोर तिच्यापाशी खेळत होती. तिच्या फ्रॉकचं टोक अक्काच्या मुठीत होतं, आणि झोपेतही ती मूठ इतकी घट्ट होती की मला ती सोडवता येईना.